चावी आत आहे

१

मला वाटलं होतं, परदेशातून परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी बाईंकडे जाईन. त्या दार उघडतील, चष्म्यावरून बघतील आणि म्हणतील, "आलीस? बस. काय शिकलीस ते सांग, पण सोप्या शब्दांत." मग मी माझा प्रबंध त्यांच्या हातात ठेवेन. चालत्या गाडीनं आतल्या माणसाला सावध कसं करावं, हा त्याचा विषय. पहिल्या पानावर मी बाईंचं नाव छापून घेतलं होतं. शाळेत विज्ञान त्यांनीच शिकवलं, आणि बाबांच्या वर्कशॉपमधल्या मुलीनं इंजिनीयर व्हावं हेही त्यांनीच ठरवलं.

प्रत्यक्षात मला दिसली ती बाईंची गाडी. मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, आमच्याच वर्कशॉपमध्ये, तिसऱ्या लिफ्टजवळ. राखाडी रंग, टायरांवर धूळ, आणि काचेवर बाबांच्या अक्षरात चिकटवलेला कागद: 'हात लावू नये'.

"बाई आल्यात?" मी विचारलं.

बाबा नळाखाली हात धूत होते. ते धूतच राहिले. उत्तर दिलं मीटरकाकांनी. ते आमचे सर्वांत जुने मेकॅनिक. खिशात कायम विजेचा मीटर असतो म्हणून सगळे त्यांना याच नावानं हाक मारतात.

"बाई वारल्या गं. दीड महिना झाला."

"कशानं?"

"या गाडीनं," ते म्हणाले, आणि लगेच स्वतःलाच चिमटा बसल्यासारखे गप्प झाले.

गोष्ट छोटी होती. बाईंच्या यजमानांनी, आम्ही त्यांना सर म्हणतो, संध्याकाळी गाडी घराखालच्या गॅरेजमध्ये लावली. ही गाडी हायब्रिड, बॅटरीची आणि पेट्रोलचीही. थांबली की बॅटरीवर असते, तेव्हा तिचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. चावी खिशात असली की पुरते, ती कुठे घालायची आणि काढायची नसते. गाडी बंद करायची तर बटण दाबावं लागतं. सर ते दाबायला विसरले, उतरले आणि शटर ओढून वर गेले. थोड्या वेळानं बॅटरी उतरली आणि इंजिन आपोआप सुरू झालं. ते तसं व्हावं म्हणूनच बनवलेलं असतं. गॅरेजच्या बरोबर वर बाईंची झोपायची खोली. इंजिनाचा विषारी वायू रात्रभर तिथे चढत राहिला. सर पुढच्या खोलीत खुर्चीतच झोपले होते, खिडकी उघडी, कानातली यंत्रं काढून ठेवलेली.

"मला फोनवर का नाही सांगितलंत?"

बाबांनी नळ बंद केला. "तुझं शेवटचं सबमिशन होतं," ते म्हणाले. "रडत बसली असतीस."

२

मी रडत बसले नाही. कामाला लागले, कारण काम केलं की माझं डोकं ठिकाणावर राहतं.

ऊन तिसऱ्या लिफ्टपर्यंत यायला लागलं होतं, म्हणून गाडी सावलीत घ्यायची ठरली. 'हात लावू नये'चा कागद बाबांनी स्वतः काढला. खिळ्यावरची चावी त्यांनी माझ्याकडे टाकली. "सरांची आहे. एक नंबरची."

या गाडीला दोन चाव्या. गाडी चावी ओळखते आणि ज्याची चावी जवळ येईल त्या माणसाप्रमाणे सीट, स्टिअरिंग आणि आरसे लावून ठेवते. सर सहा फुटांना दोन बोटं कमी. बाई माझ्या खांद्याला लागायच्या. म्हणजे एक नंबरच्या चावीनं दार उघडलं की सीट पार मागे जायला हवी.

मी दार उघडून बसले. सीट गुणगुणत पुढे सरकली. पुढे, आणखी पुढे. गुडघे डॅशबोर्डला टेकले. स्टिअरिंग खाली आलं, वरचा आरसा किंचित वाकला आणि त्यात मला माझी हनुवटी दिसायला लागली. पडद्यावर ओळ उमटली: 'स्वागत. चावी क्रमांक २.'

"काका, चाव्यांची अदलाबदल झालीय," मी ओरडले.

"झाली असेल," मीटरकाका म्हणाले. "परदेशातून शिकून आलेल्या मॅडमना गाडीसुद्धा चुकीचा नमस्कार करते म्हणजे काय!"

मी हसले. हातातल्या चावीच्या मागे मात्र बारीक अक्षरात १ कोरलेला होता. कारखान्यातून येतानाच कोरलेला.

असं होऊ शकतं, मी स्वतःला सांगितलं. नोंदणीत क्रम उलटा पडू शकतो. मी गाडी सावलीत लावली, बटण दाबून बंद केली, मुद्दाम दोनदा बघितलं आणि उतरले. दार लावताना सीट परत मागे जायची वाट पाहिली. उतरणाऱ्याला जागा मिळावी म्हणून ती तशी जाते.

ती गेली नाही. कोणीतरी अजून बसलेलं असल्यासारखी पुढेच राहिली.

३

बाबांचं ऑफिस म्हणजे काचेची चौकट, एक टेबल आणि दोन खुर्च्या. त्यांनी मला बसायला सांगितलं, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. एरवी ते उभ्याउभ्याच बोलतात.

"उद्या दहाला विमा कंपनीचा माणूस येणारेय. गाडीच्या मेमरीत काय काय आहे ते उतरवून नेणार. त्याआधी ती मेमरी कोरी करायची. कारखान्यातून येते तशी."

"का?"

ते टेबलावरचा स्क्रू बोटानं फिरवत राहिले.

"बाबा, का?"

"कारण ती गाडी आपण गप्प केली होती."

हा आमच्या वर्कशॉपचा शब्द. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, पट्टा नाही लावला की ठणाणा करते, दार उघडं राहिलं की ओरडते, जरा गप्प करून द्या. बाबा पाच मिनिटांत गप्प करून देतात, वर पाणी पाजतात. आमचं नाव त्यावरच झालं. मीटरकाका तर म्हणायचे, "गाडी तरी गप्प होते, माझ्या घरी ये आणि जमतंय का बघ."

"काय बंद केलंत?"

"इंजिन चालू असताना चावी घेऊन माणूस उतरला, तर तीनदा बीप वाजतो. तो. आणि गाडी तासभर नुसतीच उभी राहिली तर आपोआप बंद पडते. तेही."

मला खुर्चीवर बसवेना. मी काय काय बोलले ते सगळं आता लिहिण्यासारखं नाही. मी म्हटलं, तुम्ही खून केलात. मी म्हटलं, सहा वर्षं मी जे शिकत होते ते नेमकं याच्याविरुद्ध होतं, आणि तुम्ही पाणी पाजून माणसं मारताय. मी म्हटलं, उद्या त्या माणसाला मी स्वतः सगळं दाखवणार. काचेपलीकडे मीटरकाका एकच बोल्ट पुन्हा पुन्हा पुसत होते.

बाबांनी एकदाही मान वर केली नाही. शेवटी ते म्हणाले, "आमच्या लॉगिननं ते पान उघडत नाही. तुझ्या विद्यापीठाच्या लॉगिननं उघडतं. तू पूस. आतलं वाचत बसू नकोस, सरळ पूस."

"मी नाही पुसणार."

"बरं," ते म्हणाले, आणि मला त्या शब्दाचाच राग आला. इतक्या लवकर हार मानणारा माणूस मी पाहिला नव्हता.

४

साडेअकराच्या सुमारास सर आले. चालत आले. हल्ली ते कुठल्याच गाडीत बसत नाहीत, असं नंतर कळलं.

"हिची विद्यार्थिनी ना तू?" ते मला म्हणाले. "ती तुझे ईमेल मला मोठ्यानं वाचून दाखवायची. मला अर्धे ऐकू यायचे, मान मात्र पूर्ण हलवायचो."

बाबांनी खुर्ची दिली. सर बसले नाहीत. बाईंच्या गाडीकडे त्यांनी पाठ केली होती, इतकी काळजीपूर्वक की ते कळत होतं.

"एक विचारायचं होतं," ते बाबांना म्हणाले. "उतरताना काहीतरी वाजायचं का हो या गाडीत? सुरुवातीला? माझ्या यंत्रात शिट्टी वाजायची, कानात सुई घातल्यासारखी. मग ती वाजायची बंद झाली. मला वाटलं, यंत्रच सुधारलं."

वर्कशॉपमध्ये हवा भरायचं मशीन चालू होतं. ते त्याच क्षणी थांबलं.

"नाही सर," बाबा म्हणाले. "या मॉडेलला असं काही नसतं."

"नसतं."

"नसतं."

सरांनी मान डोलवली. पेपर तपासून झाल्यावर मिळालेले गुण मान्य करावेत तशी. "म्हणजे माझंच. बरं झालं विचारलं. उगाच कुणाला तरी दोष देत बसलो असतो." मग माझ्याकडे वळून, हवापाण्याबद्दल बोलावं तितक्या सहज म्हणाले, "मी रोज झोपेत ते बटण दाबतो. रोज दाबतो, बाळ. एकही दिवस चुकत नाही."

मी बाबांकडे बघितलं. बाबा जमिनीकडे बघत होते.

जाताना सरांनी शर्टाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली चावी काढली. "ही तिची. गाडीसोबत द्यावी लागेल ना. हिच्यातला सेल मी काढलाय, वजनकाट्याला लागत होता."

मी मागचं झाकण उघडून बघितलं. कोरलेला २. आणि सेलची जागा रिकामी.

५

सेल नसलेली चावी गाडीशी बोलू शकत नाही. तिच्यात एक चिप असते खरी, पण ती वाचायला चावी बटणाला चिकटवावी लागते. बोटभर अंतरही चालत नाही. हे मी परीक्षेत लिहिलंय, त्याचे गुण मिळवलेत.

दुपारी सगळे मागच्या खोलीत जेवायला गेले. मी गेले नाही. दोन्ही चाव्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या, झाकण दाबून बसवलं. पत्र्यातून लहर बाहेर जात नाही. डबा काखेत धरला आणि गाडीला स्कॅनर जोडला. त्यात एक पान असतं. गाडीचं वरून काढलेलं चित्र, आणि चावी जिथे असेल तिथे एक निळा ठिपका. गाडीतल्या आणि दारातल्या अँटेना मिळून तो ठरवतात.

ठिपका नसायला हवा होता.

होता. गाडीच्या मागे, डिकीपाशी. शेजारी आकडा: २.

मी डिकीपाशी जाऊन बघितलं. सिमेंटची जमीन, तेलाचा जुना डाग, माझे बूट. मी परत स्कॅनरपाशी, ड्रायव्हरच्या दाराजवळ आले. ठिपका डिकीपाशीच थांबला होता. बाई शाळेतून निघताना डिकी उघडून एकदा बघायच्या, वह्यांचा गठ्ठा ठेवला की विसरला ते. तितकाच वेळ.

मग तो हलला.

डावीकडच्या मागच्या कोपऱ्यावर गेला. पुन्हा मागून उजवीकडे आला. लहान पावलांच्या माणसाला लागेल तेवढ्या सावकाश. अँटेनाची चूक असती तर ठिपका उड्या मारतो, इकडून तिकडे नाचतो, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. हा नाचत नव्हता. चालत होता. उजव्या बाजूनं, मागच्या दारावरून, पुढे. मी जिथे उभी होते त्या बाजूला.

मी मागे सरकायला हवं होतं. त्याऐवजी मी डबा उघडला. दोन्ही चाव्या आत होत्या. झाकण पुन्हा लावलं.

ठिपका ड्रायव्हरच्या दाराशी आला. माझ्यापासून हातभर. दाराच्या कडीखालचा दिवा लागला. मिटलेले आरसे घरघरत उघडले. मी श्वास ओढून बघितला, कशाचाही वास येत नव्हता. त्या वायूलाही वास नसतो.

मग चित्रातला ठिपका दाराच्या रेषेवरून आत गेला. दार उघडलं नव्हतं. पडद्यावर ओळ आली: 'चावी आत आहे.'

मागच्या खोलीतून ताटांचा आवाज येत होता. मीटरकाका काहीतरी सांगत होते आणि कोणीतरी हसत होतं.

६

माणूस घाबरला की त्याला कारण हवं असतं. माझंही तसंच झालं. हे सगळं मेमरीतल्या बिघाडानं होत असणार, असं मी ठरवलं आणि नोंदी उघडल्या. बाबांनी वाचू नकोस म्हटलं होतं, म्हणूनही उघडल्या असतील.

मी ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसले होते, स्कॅनर मांडीवर. उजवीकडची सीट स्टिअरिंगला टेकेल इतकी पुढे. मी तिकडे बघत नव्हते.

नोंदी दोनच होत्या. चौदा महिन्यांपूर्वीच्या, एकाच दुपारच्या. 'चावी बाहेर गेल्याची सूचना: बंद.' खाली, दोन मिनिटांनंतर: 'आपोआप बंद होणे: रद्द.' आणि दोन्हींपुढे, बदल करणाऱ्याचं नाव.

माझं.

मला ती दुपार आठवली. तिकडे तेव्हा सकाळ होती, मी प्रयोगशाळेत जायच्या घाईत होते, दातांत टोस्ट. बाबांचा फोन. "एक जुनं गिऱ्हाईक आहे. त्या बीपनं यजमानांच्या कानाच्या यंत्रात शिट्टी वाजते म्हणतायत. आमच्याकडे ते पान उघडत नाही गं."

"वापरा माझं लॉगिन, माझ्या फोनवर आलेला कोड सांगते," मी म्हटलं होतं. "दोन मिनिटांचं काम आहे. गाडीनं माणसाला त्रास द्यायचा नसतो, बाबा." मला ते वाक्य इतकं आवडलं की पुढे प्रबंधातही घातलं.

"आणि दवाखान्याबाहेर एसी लावून बसतात तेव्हा गाडी बंद पडते. तेही काढू का? तुमच्यात चालतं का असं?"

"काढा हो," मी म्हटलं होतं.

गिऱ्हाईक कोण, हे मी विचारलं नाही. बीपच्या जागी दुसरं काय लावता येईल, एखादा दिवा, एखादा थरथरणारा पट्टा, हे तर माझ्याच अभ्यासाचं होतं. तेही मला सुचलं नाही. मला उशीर होत होता.

सकाळी बाबांनी स्क्रू फिरवत सगळं ऐकून घेतलं. 'आपण गप्प केली होती' म्हणाले. 'तू' म्हणाले नाहीत.

मग मी जे केलं ते सांगते. मी मेमरी कोरी करण्याचं पान उघडलं.

सकाळी मी ज्याला खून म्हटलं, ते दुपारी चूक झालं. त्यात माझी पदवी होती, पुढच्या महिन्यात रुजू व्हायची नोकरी होती, बाबांचं म्हातारपण होतं. सर काय, आधीच मान्य करून बसले होते. हे सगळं माझ्या डोक्यात एका दमात आलं. त्याला फारसा वेळ लागला नाही, याचंच मला अजून नवल वाटतं.

स्कॅनरनं काम थांबवलं. 'चावी आत आहे. सर्व चाव्या बाहेर काढा.'

मी डबा घेऊन उतरले, तो पार ऑफिसच्या टेबलावर ठेवून आले. परत बसले. 'चावी आत आहे.' स्कॅनर काढून पुन्हा जोडला. 'चावी आत आहे.' इंजिन चालू करून बघ, असं यंत्र म्हणालं. चाव्या टेबलावर असताना ते चालू व्हायला नको होतं. मी हात लांब करून बटण दाबलं. ते झालं, किंवा झालं असावं. आवाज नव्हता, फक्त दिवे लागले.

'चावी आत आहे.'

मी अजून उजवीकडे बघितलं नव्हतं. शाळेत उत्तर येत नसलं की बाई बाकाशेजारी येऊन उभ्या राहायच्या. रागवायच्या नाहीत. वाट पाहायच्या. ते मला रागावण्यापेक्षा जड जायचं. तेच आत्ता माझ्या शेजारी होतं, आणि मी विज्ञान शिकलेली, भर दुपारी, रिकाम्या सीटला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

"बाई, उतरा ना."

काहीच झालं नाही. बराच वेळ.

"बाई, उतरा. मला हे करू द्या."

सीट गुणगुणत मागे सरकायला लागली. उतरणाऱ्याला जागा देते तशी. मी वळून बघितलं, कारण बघितल्याशिवाय राहवेना. सीटवर कोणी नव्हतं. पण तिच्या गादीवर मधोमध एक खळगा होता, लहानशा, हलक्या माणसाच्या बसण्याचा, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत सावकाश भरून वर येत होता.

आणि मग बीप वाजला. तीनदा. स्पष्ट, उंच, सुईसारखा. जो या गाडीत चौदा महिने बंद होता, ज्याच्या बंद असण्याची नोंद माझ्या मांडीवर उघडी होती.

मागच्या खोलीतलं हसणं थांबलं. बाबा दारात आले. त्यांच्या हाताला अजून जेवण लागलेलं होतं. त्यांनाही ऐकू गेलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

पडद्यावर आता ओळ नव्हती. फक्त प्रश्न होता. 'सर्व पुसायचे?' खाली हो, शेजारी नाही.

बाईंनी मला अडवलं नव्हतं. वाट मोकळी करून दिली होती.

मी 'हो' दाबलं.

७

संध्याकाळी घरी आम्ही दोघं समोरासमोर बसलो. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

"वाचलंस?" बाबांनी विचारलं.

"वाचलं."

"म्हणून म्हटलं होतं, वाचू नकोस."

"दुपारी ऐकलंत ना तुम्ही? तो आवाज?"

"कुठला आवाज?" ते म्हणाले. त्यांनी ताटाकडे बघत पाण्याचा पेला उचलला, आणि पेला ताटाच्या कडेला लागून वाजत राहिला. मग म्हणाले, "सरांना सांगितलं असतं तर काय झालं असतं? बाई परत आल्या असत्या?"

सकाळी माझ्याकडे किती शब्द होते.

दुसऱ्या दिवशी मी सातलाच वर्कशॉप उघडलं. एक नंबरची चावी गाडीत नव्यानं नोंदवली, मग दोन नंबरची, नवा सेल घालून. गाडीनं दोन्ही मुकाट्यानं घेतल्या. दार उघडलं, सीट हलली नाही. आरसे होते तसे. 'स्वागत' अशी नुसती ओळ, पुढे आकडा नाही. मी स्कॅनर लावून चित्राचं पान तासभर उघडं ठेवलं. चावी घेऊन गाडीभोवती फिरले, तेव्हा माझाच ठिपका फिरला. चावी टेबलावर ठेवली, तेव्हा चित्र रिकामं झालं. रिकामंच राहिलं. मी डिकीसुद्धा उघडून बघितली. एकदा हळूच हाक मारली. आदल्या दिवशी मला वाटलं होतं, याहून भयंकर काही नसेल. ती कोरी, आज्ञाधारक गाडी त्याहून भयंकर होती. विमा कंपनीचा माणूस येईल, पाच मिनिटांत काम उरकेल आणि कागदावर लिहील, दोष आढळला नाही. मग या जगात एकच दोषी उरेल, जो रोज झोपेत बटण दाबतो.

नऊ वाजता बाबा आले. मी त्यांच्याच टेबलावर बसून लिहीत होते. यंत्रातून काढलेलं काहीच उरलं नव्हतं, म्हणून हातानं लिहिलं. तारीख, वेळ, दोन ओळी, आणि बदल करणाऱ्याचं नाव. खाली, काल दुपारी हे कुणी पुसलं, त्याचंही नाव. दोन्ही ठिकाणी तेच. सही केली. दोन प्रती.

बाबांनी उभ्याउभ्या वाचलं. "याला पुरावा काय? कोणी विश्वास ठेवणार नाही."

"माहीत आहे."

"नोकरी जाईल तुझी. आणि वर्कशॉपचं काय होईल?"

"एक प्रत त्या माणसाला द्या, बाबा. किंवा फाडा. ते तुमच्यावर आहे."

"आणि दुसरी?"

मला धाडस आलं होतं असं कोणी समजू नये. मी घडी घातलेला कागद खिशात ठेवला, दोन नंबरची चावी उचलली आणि पायीच निघाले. सरांच्या घरी. विमा कंपनीच्या माणसाच्या आधी, ते पुन्हा झोपायच्या आधी, मी त्यांना सांगणार होते की गाडी ओरडणार होती. तिला गप्प मी केलं.